काटकसरीचे कसब

जुनी वस्तू पुन्हा उपयोगात आणणे, मोडलेली नीट करून घेणे आणि जे परसात अथवा गच्चीत पिकू शकते त्यासाठी बाजाराची वाट न धरणे, या तीन गोष्टींची थोरवी अलीकडे पुन्हा गायिली जाऊ लागली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु ती गाताना सारा भर व्यक्तीच्या संयमावर दिला जातो आणि मनुष्याने मनावर घेतले, चार जिन्नस कमी विकत घेतले, बाजाराला जाताना कापडी पिशवी नेली की संसार काटकसरीचा झाला, अशी एक समजूत रूढ होत चालली आहे, ती मला फार अपुरी वाटते. आपल्या आजीपणजींच्या घरकारभारात जी काटकसर नांदत होती तिच्या पाठीशी वस्तूंच्या गुणधर्मांचे सूक्ष्म ज्ञान होते, बोटांत मुरलेले कसब होते, उसवून पुन्हा शिवता येईल असे कापड आणि ठोकून, डाग देऊन पुन्हा उभे करता येईल असे भांडे होते, आणि दारावरून हाळी देत जाणारा कारागीर होता. यांपैकी ज्ञान आणि कसब अजून थोडेफार शिल्लक आहे. वस्तू आणि कारागीर यांची मात्र आपण समाज म्हणून वासलात लावली, आणि आता ती सारी उणीव एकट्या गृहिणीने आपल्या सद्‌गुणांच्या बळावर भरून काढावी अशी अपेक्षा धरतो. ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि निष्फळही आहे.

गोधडीचेच उदाहरण घेऊ. सुती नऊवारी लुगडे वर्षानुवर्षे नेसून, आपटून धुऊन आणि उन्हात वाळवून त्यातील खळ पार निघून गेली, सूत मऊ पडले आणि पदराकडचा भाग विरू लागला, म्हणजे नेसण्याच्या दृष्टीने त्याचे आयुष्य संपले. परंतु अंथरूण-पांघरूण म्हणून ते तेव्हाच खरे लायक होई. त्यातल्या त्यात धडसे लुगडे बाहेरच्या अंगाला घ्यायचे, आत जुनी धोतरे आणि सदऱ्यांचे तुकडे पसरायचे, तत्पूर्वी त्यांच्या जाड शिवणी उसवायच्या, बटणे काढून डबीत टाकायची, आणि सारे थर जमिनीवर सुरकुती न राहील असे अंथरून, त्यावरच बसून, कडेपासून धावदोरा घालीत फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकत जायचे. दोरा अधिक ओढला तर कापड चुण्या धरते, सैल सोडला तर आतले तुकडे पहिल्याच धुण्यात एका कोपऱ्यात गोळा होतात; तो नेमका किती ओढायचा हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसून ते अंगठा आणि तर्जनी यांनाच ठाऊक असते. बोटा-बोटाच्या अंतराने पडलेल्या त्या टाक्यांच्या ओळी ताण सर्वत्र वाटून देतात, आणि म्हणून जे कापड एकेकटे असता हिसक्यासरशी टरकले असते तेच चार-पाच थरांनी एकत्र आले म्हणजे पुढे कित्येक हिवाळे टिकते. वरचा थर झिजला की त्यावर दुसरे लुगडे घालून पुन्हा टाके घालता येतात. अगदीच चिंध्या झाल्या म्हणजे पोतेरे, आणि पोतेऱ्याचीही दशा झाली म्हणजे उकिरडा. तेथे ते सूत कुजून मातीला मिळे, आणि हिशेब पुरा होई.

आता याच सुगरण हातांत आजची पॉलिस्टरची साडी देऊन पाहा. ती विरत नाही, मऊ पडत नाही, घाम टिपत नाही. एका थरावर दुसरा थर धरून राहत नाही, सरकतो. आणि अखेरीस टाकून दिली तरी ती कुजत नाही. नऊ वार कापडात चार पिढ्यांचे शहाणपण ओतू शकणारी बाई या कापडापुढे हतबल होते, आणि तिच्या हातून जे घडत नाही त्याला आपण आळस म्हणतो, उधळेपणा म्हणतो. वस्तुतः तिच्या काटकसरीचा दरवाजा ती साडी गिरणीतून बाहेर पडली त्याच दिवशी बंद झालेला असतो. काटकसर घरात पाळली जाते हे खरे, पण ती शक्य होते किंवा अशक्य होते ते कारखान्यात; माझ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी हा विचार फार खोलवर जाऊन मांडला होता. १९४५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक जबलपूरच्या तुरुंगात लिहिले गेले. निसर्गाची संपत्ती दोन जातींची, असे ते मानीत : एक वाहती, जी दरसाल नव्याने उत्पन्न होते, आणि दुसरी साठ्याची, जी उपसली की उणी होते. कापूस, नारळ, बांबू, भाजीपाला ही पहिल्या जातीची. खनिज तेल, धातू ही दुसऱ्या जातीची. वाहत्या संपत्तीवर संसार उभारला तर तो टिकतो आणि साठ्यावर उभारला तर भांडणे आणि युद्धे पदरी येतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. पॉलिस्टरचा उगम खनिज तेलात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे गोधडीची गोष्ट केवळ जुन्या आठवणींचा उमाळा म्हणून बाजूस सारता येत नाही.

वाहत्या संपत्तीचा उपभोग किती निगुतीने घेता येतो हे पाहावयाचे असेल तर कोकणातल्या घराकडे पाहावे. नारळाचे खोबरे स्वयंपाकाला, सोडणाचा काथ्या दोराला आणि उरलेले सोडण भांडी घासायला. करवंटीला दांडी बसवून डवली. झावळ्या विणून त्यांचे झाप मांडवाला आणि पावसाळ्यात भिंतींच्या आडोशाला. पात्यांतून काढलेल्या हिरांचा खराटा. यातून जे राहिले ते चुलीत, आणि चुलीतली राख पुन्हा भांड्यांना, बियाण्याला नि अळूच्या बुडाला. कोकमाचे (त्यालाच तिकडे रातांबा म्हणतात) तर याहून नवल आहे. फळ फोडून साल वेगळी करायची, गराच्या खारवलेल्या रसात ती पुनःपुन्हा बुडवून उन्हात वाळवायची, की आमसुले झाली. रस राहिला तो आगळ म्हणून बाटल्यांत भरायचा. आणि ज्या बिया फेकून द्याव्यात असे परक्याला वाटेल त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगते, ते निवल्यावर थिजून घट्ट होते आणि वर्षभर टाचांच्या भेगांना उपयोगी पडते. हे सारे वैशाखातल्या मोजक्या कडक उन्हात, पावसाची सर येण्यापूर्वी उरकावे लागते. आगोटीची बेगमी म्हणतात ती हीच. चार महिने बाजार तुटणार, हे गृहीत धरून तेलामिठापासून सरपणापर्यंत प्रत्येक जिनसाचा अंदाज बांधणारी ती बाई एखाद्या संस्थानाच्या कोठारावरील कारभाऱ्याहून कमी कुशल नव्हती; तिच्या नावाचे दफ्तर कोणी ठेवले नाही, इतकेच.

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की, हे सारे दारिद्र्याचे गुणगान आहे. जिला दुसरे लुगडेच नव्हते तिने जुने शिवले यात नवल काय? मला हे मान्य आहे. सक्तीने जे करावे लागते त्याला व्रताचे तेज चढवणे हे गरिबांच्या दुःखाचा उपमर्द करण्यासारखे आहे, आणि ज्यांच्या घरात दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे त्यांना काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्यांना आज निवडीची मुभा आहे असा फार मोठा मध्यमवर्ग या राज्यात निर्माण झाला आहे, आणि उकिरड्यांचे जे डोंगर शहरांच्या वेशीवर उभे आहेत ते मुख्यतः त्याच्या घरांतून निघालेले आहेत. माझे म्हणणे त्याला उद्देशून आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जुन्या घरातील काटकसर म्हणजे बव्हंशी घरातील स्त्रीची काटकसर होती. ताजी पोळी कर्त्या पुरुषाच्या पानात आणि कालच्या पोळीचा कुस्करा तिच्या पानात. मुलांना लोणी आणि तिला कढईतली बेरी. दोडक्याच्या शिरांची चटणी नि कोथिंबिरीच्या देठांची भाजी चवीला कितीही उत्तम असली तरी ती करण्याकरिता लागणारा अर्धा-पाऊण तास कोणाच्या जमाखर्चात मांडला गेला नाही. घराने जे पैशात वाचवले ते तिच्या वेळात, झोपेत आणि पुष्कळदा तिच्या प्रकृतीत खर्ची पडले. आज ती नोकरीला जाते, लोकलला लोंबकळून परत येते, आणि तिनेच पुन्हा ओला कचरा मुरवावा, दही घरी लावावे, पडदे जुन्या साड्यांचे शिवावे आणि कुंड्यांना पाणी घालावे, अशी जर आपली कल्पना असेल तर ती कल्पना आपण निःसंकोचपणे टाकून दिली पाहिजे. ज्या घरात पुरुष सुईत दोरा ओवायला, नळाची वायसर बदलायला आणि उरलेल्या भाताला फोडणी द्यायला बसतो, त्या घरालाच काटकसरीची भाषा शोभते. शाळांतून शिवण आणि सुतारकाम मुलगा-मुलगी हा भेद न करता सर्वांना शिकवावे, आणि परीक्षेच्या गुणांत त्याला जागा द्यावी. हे काम एका पिढीत होण्यासारखे आहे.

परंतु घरातील सर्वांनी हात लावला तरी काही कामे घरात होणारी नसतात, आणि तेथे कारागिराचा प्रश्न येतो. कल्हईचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ते विसरता येणार नाही. तांब्या-पितळेचे पातेले स्वच्छ घासून भट्टीवर धरायचे, भात्याने कोळसे फुलवायचे, भांडे पुरेसे तापले की आत नवसागराची पूड टाकायची; त्याचा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर निघतो आणि धातूवर चढलेला काळपट थर सुटून तळ लखलखीत होतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांब्याला वितळायला हजाराहून अधिक अंश लागतात, आणि या दोन आकड्यांमधील अंतरावर हा सारा धंदा उभा आहे. वितळलेला थेंब कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवून कानाकोपऱ्यांत पसरवायचा आणि भांडे चर्रकन पाण्यात बुडवायचे. एवढे झाले की त्या भांड्यात चिंचेची आमटी करा, ताक ठेवा, ते कळकत नाही. कल्हई उडाली की पुन्हा लावायची. भांडे तेच राहते, आजीचे नातसुनेकडे येते. याउलट, न चिकटणाऱ्या लेपाचा तवा घ्या. लेप एकदा खरवडला गेला की तो पुन्हा लावून देणारा माणूस गल्लीत नाही, शहरातही शोधून सापडत नाही, आणि खालचा धातू शाबूत असताना सबंध तवा भंगारात जातो.

कल्हईवाला, रफूगार, पिंजारी, छत्री दुरुस्त करणारा, कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, ही माणसे आपण होऊन नाहीशी झाली नाहीत. बोहारीण तर जुन्या कपड्यांच्या एका अवाढव्य व्यवहाराचा पहिला दुवा आहे. आपण टाकलेला सदरा तिच्या हातून बाजारात जातो आणि दुसऱ्या कोणाच्या अंगावर पुन्हा चढतो. वस्तीचे रूप पालटले, वाड्यांच्या जागी फाटकबंद संकुले आली, फाटकावर पहारेकरी आला आणि ‘फेरीवाल्यांस मनाई’ अशी पाटी लागली. ज्याला आत येण्याची बंदी आणि बाहेर पदपथावर बसण्याचीही बंदी, त्याने भट्टी पेटवावी तरी कोठे? मग एके दिवशी तो गावी परत जातो किंवा मुलाला दुसऱ्या धंद्याला लावतो, आणि आपण ‘हल्ली असली माणसे मिळत नाहीत’ असे हळहळतो.

पेरण्या-पिकवण्याच्या बाबतीतही मला हेच दिसते. मोरीचे पाणी जाई तेथे अळू आणि कर्दळ, पावसाळ्याच्या तोंडावर हातभर लांब फांदी रोवून लावलेला शेवगा, कुंपणावर तोंडलीचा आणि घेवड्याचा वेल, दाराशी गवती चहा, एवढे ज्या परसात असे त्या घराला आणीबाणीच्या दिवशीही भाजीसाठी बाहेर पडावे लागत नसे. कोथिंबीर लावताना धने आधी हलकेच रगडून दुभंगावे लागतात, कारण एका धन्याच्या पोटात दोन बिया असतात. मेथी डब्यातलीच मूठभर पेरली तरी थोड्याच दिवसांत खुडायला येते. दुधीच्या वेलावरचे पहिले, नीट पोसलेले फळ न तोडता वेलावरच वाळू द्यायचे आणि त्याचे बी राखेत घोळवून पुढच्या मृगासाठी ठेवायचे, ही तर परसबागेची खरी गंगाजळी. संकरित बियाण्याने ती आटवली. संकरित वाणाच्या फळातले बी पुन्हा पेरले तर मूळचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून दरवर्षी दुकानाची पायरी चढणे आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे आदिवासी गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता ही गोष्ट ओळखली आणि वालघेवड्यांची, भाज्यांची, भाताची गावठी वाणे आपल्या मातीच्या घरात जतन करून शेजारणींना वाटली. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली, हे उचितच झाले. मात्र बीज जपणाऱ्या एका स्त्रीचा गौरव करणे निराळे आणि गावठी बियाणे तालुक्याच्या प्रत्येक बाजारी सहज मिळेल अशी तजवीज करणे निराळे.

शहरात जागा कोठे आहे, असे विचारले जाते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभारून दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाची गरज भागू शकते असे आयुष्यभर मांडले. मोजायचे ते जमिनीचे क्षेत्र नव्हे, पानांवर पडणारे ऊन मोजायचे, ही त्यांची दृष्टी होती. त्या दृष्टीने पाहिले तर शहरातील ऊन गच्च्यांवर आहे, आणि बहुतेक गच्च्यांना कुलूप आहे. स्लॅबवर भार येईल, पाणी मुरेल ही रहिवाशांची भीती निराधार नाही. ओली माती जड असते. म्हणून शहरात वाफा मातीचा न करता वाळक्या पानांचा, उसाच्या चिपाडांचा आणि नारळाच्या सोडणांचा करावा, त्यात स्वयंपाकघरातली साले-देठे मुरू द्यावीत. तो हलका राहतो आणि पालेभाजीला पुरेसा होतो. ही पाने रस्त्यांच्या कडेला ढिगांनी पडलेली असतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना काडी लावली जाते. पुणे महापालिका गांडूळखत, पर्जन्यसंचय, सौरऊर्जा यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, ते स्तुत्य आहे. त्याच्या जोडीला गोळा केलेली पाने मागेल त्या सोसायटीस पोहोचती करण्याची व्यवस्था झाली तर पान जाळण्याचे कारणच उरणार नाही.

सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते याचा अनुभव आपल्याला आहे. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा काटकसर ही व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. शिधापत्रिका, दुकान, ठरलेला भाव अशी सगळी चौकट उभी केली गेली होती. आज अन्नाची तशी टंचाई नाही, आणि तशा सक्तीची मागणीही मी करीत नाही. मला हवी आहे ती सोय.

ती सोय करण्यासाठी नव्या कायद्याचीही फारशी गरज नाही. पथविक्रेत्यांसंबंधीचा २०१४ चा केंद्रीय कायदा वस्तू विकणाऱ्यांइतकेच रस्त्यावर सेवा देणाऱ्यांनाही संरक्षण देतो, आणि त्यासाठी शहरोशहरी समित्या नेमण्याची त्यात तरतूद आहे. त्या समित्यांनी प्रत्येक प्रभागात दुरुस्तीची कामे करणाऱ्यांसाठी जागा स्वतंत्रपणे राखून ठेवाव्यात. केंद्र सरकारने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक संकेतस्थळ काढले आहे, पण मिक्सरचे, पंख्याचे, शिवणयंत्राचे सुटे भाग विक्रीनंतर किती वर्षे पुरवलेच पाहिजेत, याचे बंधन कारखानदारांवर कायद्याने घातल्याशिवाय त्या हक्काला अर्थ येणार नाही. गृहनिर्माण संस्थांनी आठवड्यातील एक सकाळ ठरवून फाटकावरील मनाई तेवढ्यापुरती उठवावी आणि कल्हईवाल्याला, शिंप्याला, धार लावणाऱ्याला आत बोलवावे. हे तर पुढल्या सर्वसाधारण सभेत एका ठरावाने होण्यासारखे आहे. आणि महापालिका व नगरपालिका जेव्हा नवी मंडई बांधतील तेव्हा भाजीच्या ओट्यांबरोबर दुरुस्तीचे निदान चार गाळे मूळ आराखड्यातच धरावेत, त्यांचे भाडे कारागिराला झेपेल असे ठेवावे, आणि त्यांतील एका गाळ्याला धूर वर नेणारे धुराडे आणि पाण्याचा नळ अवश्य द्यावा, कारण त्यावाचून भट्टी लागत नाही.